शिष्यवृत्ती ही खैरात नव्हे : जपानने परदेशी शिकायला पाठवलेल्यांचा इतिहास

परदेशी शिष्यवृत्तीचा विषय निघाला की आपल्याकडे दोन वाक्ये हमखास कानावर पडतात. एक, 'करदात्यांच्या पैशावर यांची परदेशवारी कशाला?' आणि दुसरे, 'जपान बघा, काही न मागता निव्वळ मेहनतीवर उभा राहिला.' गंमत अशी की ही दोन्ही वाक्ये बहुधा एकाच तोंडून निघतात. जपानचे गोडवे गाणाऱ्या या मंडळींनी जपानचा इतिहास वाचलेला नसतो. आधुनिक जपान घडवणाऱ्या पहिल्या पिढीतले अनेक जण सार्वजनिक पैशावर परदेशात शिकून आले होते. पंतप्रधान, परराष्ट्रमंत्री, रेल्वे उभारणारे, टांकसाळ चालवणारे, विद्यापीठाचे प्राध्यापक, सगळे त्यांत आहेत.

हा इतिहास आम्ही जपानची आरती ओवाळण्यासाठी मांडत नाही. त्यात शिकण्यासारखे जेवढे आहे, तेवढेच सावध होण्यासारखेही आहे. कुठल्याही शिष्यवृत्तीला तीन प्रश्न विचारावे लागतात. पैसा कुणी दिला? तो कुणाला मिळाला? आणि शिकून परत आलेल्याला समाजाने कुठे बसवले? जपानच्या इतिहासाला हेच तीन प्रश्न विचारू.

बंदुकांच्या पैशावर शिक्षण

१६३५ साली शोगुनशाहीने फर्मान काढले की कोणाही जपानी माणसाने देश सोडायचा नाही, आणि गेलेला परत आला तर त्याला देहदंड. आपल्याकडे समुद्र ओलांडला की धर्म बुडत होता, तिकडे थेट मान जात होती. ही बंदी उठली १८६६ मध्ये. त्याआधी शोगुनशाहीने स्वतःच्या गरजेपुरती काही माणसे हॉलंडला पाठवली होती, पण बाकीच्यांना दार बंदच होते.

१८६३ साली चोशू या संस्थानातले पाच तरुण चोरून इंग्लंडला निघाले. हिरोबुमी इतो, काओरु इनोउए, योझो यामाओ, मासारु इनोउए आणि किन्सुके एन्दो ही त्यांची नावे. संस्थानाच्या वरिष्ठांना हे माहीत होते आणि संस्थानाने थोडे पैसेही दिले होते, पण ते पुरणारे नव्हते. तेव्हा संस्थानाने बंदुका खरेदी करण्यासाठी जी रक्कम राखून ठेवली होती, तिच्या तारणावर या तरुणांनी ५,००० ऱ्यो कर्ज उचलले. परकीय गलबते दारात उभी असताना बंदुकांच्या पैशावर शिक्षण विकत घ्यायचे, हा निर्णय आपण नीट लक्षात ठेवला पाहिजे.

प्रवास काही सुखाचा नव्हता. कशासाठी चालला आहात, असे विचारल्यावर इनोउएने 'नौदल' या अर्थाचा इंग्रजी शब्द सांगायच्या ऐवजी 'नौकानयन' सांगितले आणि कप्तानाने इतो व इनोउए यांना खलाशांच्या कामाला जुंपले, असा किस्सा सांगितला जातो. लंडनला पोहोचल्यावर ते युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये शिकू लागले. रसायनशास्त्राचे प्राध्यापक अलेक्झांडर विल्यमसन यांनी त्यांची जबाबदारी घेतली. हेच कॉलेज का, याचेही कारण आहे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये तेव्हा धर्माची अट आडवी येत होती. १८२६ साली स्थापन झालेले हे कॉलेज मात्र धर्म न विचारता प्रवेश देत होते. ज्या विद्यापीठाने दारात उभ्या असलेल्याचा धर्म विचारला नाही, तिथेच या परक्या मुलांना जागा मिळाली. आम्हाला ही साधी गोष्ट वाटत नाही.

१८६५ मध्ये सात्सुमा संस्थानाने १९ जणांची तुकडी अशीच गुपचूप लंडनला पाठवली. त्यांतले अरिनोरी मोरी पुढे जपानचे पहिले शिक्षणमंत्री झाले. चोशू आणि सात्सुमा त्या काळी एकमेकांचे वैरी होते. तरीही चोशूच्या यामाओला जहाजबांधणी शिकायला ग्लासगोला जायचे होते आणि खिशात भाड्याचे पैसे नव्हते, तेव्हा सात्सुमाच्या मुलांनी प्रत्येकी एक पौंड वर्गणी काढली. यामाओने क्लाइड नदीकाठच्या गोदीत दिवसभर काम केले आणि संध्याकाळी अँडरसन्स कॉलेजचे वर्ग केले. परतल्यावर त्याने जपानमध्ये अभियांत्रिकी शिक्षणाचा पाया घातला. गोदीतले मूकबधिर कामगार खुणांच्या भाषेत बोलत काम करताना त्याने पाहिले होते. म्हणून १८७१ साली त्याने सरकारकडे अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळेसाठी अर्ज केला.

या पाचांपैकी इतो हा जन्माने शेतकऱ्याचा मुलगा. बाप एका हलक्या दर्जाच्या शिपाई घराण्यात दत्तक गेला, म्हणून त्या घराला सामुराई वर्गाच्या तळाशी कशीबशी जागा मिळाली. तोच इतो १८८५ साली जपानचा पहिला पंतप्रधान झाला. मासारु इनोउएने रेल्वे उभी केली. एन्दोने ओसाकाची टांकसाळ सांभाळली.

पण सगळेच परतले नाहीत. चोशूचाच कोसाबुरो यामाझाकी १८६६ साली लंडनमध्ये क्षयाने गेला. हातात पैसे नव्हते, थंडीत अंगावर धड कपडे नव्हते. अमेरिकेत रटगर्स कॉलेजात फुकुई संस्थानाचा तारो कुसाकाबे वर्गात पहिला येत होता. १८७० च्या एप्रिलमध्ये, पदवीला काही आठवडे उरले असताना, तोही क्षयाने मेला. कॉलेजने त्याला मरणोत्तर पदवी दिली. शिष्यवृत्तीचा हप्ता वेळेवर न येणे किंवा अपुरा येणे म्हणजे काय, हे या दोन नावांच्या शेजारी ठेवून वाचावे. परक्या देशात तो फाइलीचा विषय राहत नाही, जिवाचा होतो.

'मेरिट' कुठून आले?

१८६८ मध्ये सत्ता बदलली. नव्या सरकारने सम्राटाच्या नावे जी पाच कलमी शपथ जाहीर केली, तिचे शेवटचे कलम जगभरातून ज्ञान मिळवण्याचे होते. हे कलम कागदावर राहिले नाही. २३ डिसेंबर १८७१ रोजी योकोहामाहून इवाकुरा शिष्टमंडळ निघाले. सरकारातले वजनदार लोक त्यात होते आणि त्यांच्यासोबत चाळीसहून अधिक विद्यार्थी होते.

आता दुसरा प्रश्न, पैसा कुणाला मिळाला? सुरुवातीच्या वर्षांत सरकारी खर्चाने गेलेल्यांत सत्ता काबीज करणाऱ्या संस्थानांची आणि दरबारी घराण्यांची मुले भरपूर होती. निवड वशिल्याने झालेली. अनेकांना वर्गात काय चालले आहे हेही कळत नव्हते. खर्च मात्र वाढत होता. शेवटी १८७३ च्या अखेरीस शिक्षण मंत्रालयाने सरकारी खर्चाच्या विद्यार्थ्यांना परत बोलावले. आज आरक्षणाच्या नावाने 'गुणवत्ता बुडाली' म्हणून गळा काढणाऱ्यांनी हे जरूर वाचावे. जपानच्या शिष्यवृत्तीतली गुणवत्ता बुडवली ती वरच्यांच्या वशिल्याने. खालून आलेला तिथे कुणी नव्हताच.

१८७५ साली नवी पद्धत आली. तोक्योच्या काइसेई शाळेतून अभ्यासाच्या कसोटीवर ११ जण निवडले गेले. नऊ अमेरिकेला, एक फ्रान्सला, एक जर्मनीला. पैसे कर्ज म्हणून दिले. जुतारो कोमुरा हार्वर्डला गेले, ते १९०५ च्या पोर्ट्समथ तहाच्या वेळी परराष्ट्रमंत्री होते. काझुओ हातोयामा न्यूयॉर्कच्या कोलंबियात कायदा शिकले, पुढे लोकसभेचे अध्यक्ष झाले. नाओकिची मात्सुइ त्याच कोलंबियात रसायन शिकून तोक्यो विद्यापीठात प्राध्यापक झाले. होय, तेच कोलंबिया, जिथे १९१३ साली बाबासाहेब पोहोचले. त्यांच्या आधी ३८ वर्षे तिथे जपानी सरकारचे विद्यार्थी बसलेले होते.

निवड आता परीक्षेने झाली, हे चांगलेच झाले. पण काइसेई शाळेत तरी कोण शिकत होते? बहुसंख्य सामुराई घरांतली मुले. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या घरी पुस्तक होते, तेच परीक्षेत पुढे येणार. परीक्षेने वशिला हटवला, पण परीक्षेपर्यंत पोहोचण्याची वाट कुणाला मोकळी होती हे तिने विचारले नाही. 'मेरिट'वाल्यांशी आपले भांडण नेमके इथे आहे.

१८८२ मध्ये नियम पुन्हा बदलले. कर्जाऐवजी सरकारी खर्च, आणि अट अशी की जेवढी वर्षे परदेशात शिकाल त्याच्या दुप्पट वर्षे सरकार सांगेल तिथे नोकरी करायची. याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे कादंबरीकार नात्सुमे सोसेकी. १९०० साली वर्षाला १,८०० येन देऊन शिक्षण मंत्रालयाने त्यांना लंडनला पाठवले. पैसे इतके अपुरे की त्यांनी कॉलेज सोडून भाड्याच्या खोलीत पुस्तकांचा ढीग घेऊन दिवस काढले. परतल्यावर १९०३ ते १९०७ अशी चार वर्षे तोक्योत शिकवले, दोन वर्षांच्या शिक्षणाची दुप्पट. ती फेड झाल्यावरच नोकरी सोडून ते वर्तमानपत्रात गेले.

सोसेकींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. सरकारी आदेशात त्यांचा विषय 'इंग्रजी भाषा' असा लिहिला होता. त्यांना साहित्याचा अभ्यास करायचा होता. त्यांनी मंत्रालयात जाऊन विचारले, तर अधिकाऱ्याने सांगितले की त्या शब्दाला इतके घट्ट धरून बसायची गरज नाही. सम्राटाच्या राज्यातला अधिकारी विद्यार्थ्याला विषय निवडायची मोकळीक देतो, हे ध्यानात राहू द्या. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

सहा वर्षांची मुलगी आणि तिचा निधी

इवाकुरा शिष्टमंडळाच्या जहाजावर पाच मुली होत्या. होक्काइदोच्या वसाहत खात्याने त्यांना दहा वर्षांसाठी अमेरिकेत ठेवायचे ठरवले होते. सगळा खर्च सरकारचा. पहिल्यांदा जाहिरात दिली तेव्हा एकाही घरातून अर्ज आला नाही. मग ज्या मुली मिळाल्या त्या १८६८ च्या यादवीत हरलेल्या बाजूच्या घरांतल्या होत्या. ज्यांचे सर्व काही गेले होते त्यांनीच लेकी पाठवल्या. सर्वांत लहान उमेको त्सुदा, वय सहा.

दोघी मोठ्या मुली आजारपणामुळे लवकर परतल्या. सुतेमात्सु यामाकावा १८८२ साली व्हॅसार कॉलेजची पदवीधर झाली, जपानची ती पहिली पदवीधर स्त्री. त्याच वर्षी सतरा वर्षांची उमेको मायदेशी आली, तेव्हा तिला जपानी बोलता येत नव्हते. पाठवणारे खाते त्याच साली बंद झाले होते. मुलगे परत आले की त्यांच्यासाठी खुर्ची तयार असायची. उमेकोसाठी काहीच तयार नव्हते. खासगी शिकवण्या आणि तात्पुरती कामे करत तिने तीन वर्षे काढली. १८८५ मध्ये सरदार घराण्यांतल्या मुलींच्या शाळेत तिला जागा मिळाली. राज्याने दहा वर्षे खर्च केला, पण शिकलेल्या बाईचे काय करायचे याचा विचार केला नव्हता.

उमेको तिथे थांबली नाही. १८८९ मध्ये ती पगारी रजा घेऊन ब्रिन मॉर कॉलेजात जीवशास्त्र शिकायला गेली. बेडकाच्या अंड्यांवर थॉमस हंट मॉर्गन यांच्याबरोबर तिने संशोधन केले. हेच मॉर्गन पुढे नोबेल विजेते झाले. पण तिथे असतानाच तिने आणखी एक काम हाती घेतले. आपल्याला मिळाले ते आपल्या मागच्या मुलींना कसे मिळेल? अमेरिकन मैत्रिणींच्या मदतीने तिने ८,००० डॉलर उभे करण्याची मोहीम काढली. मुद्दल तसेच ठेवायचे आणि व्याजावर दर काही वर्षांनी एका जपानी मुलीला अमेरिकेत शिकवायचे. 'जपानी स्त्रियांसाठी अमेरिकन शिष्यवृत्ती' असे तिचे नाव. त्या शिष्यवृत्तीवर शिकलेल्या मिची कावाई यांनी पुढे स्वतःची मुलींची शाळा काढली. आई होशिनो परत येऊन उमेकोच्याच संस्थेच्या प्रमुख झाल्या. ती संस्था १९०० साली भाड्याच्या घरात दहा विद्यार्थिनींवर सुरू झाली होती. आज ते त्सुदा विद्यापीठ आहे, आणि २०२४ पासून ५,००० येनच्या नोटेवर उमेकोचा चेहरा आहे.

'पे बॅक टू सोसायटी' हे आपण रोज बोलतो. उमेकोने ते व्याजाच्या हिशेबासकट करून दाखवले.

जहाजावर कोण नव्हते?

आता ज्यांची नावे या इतिहासात येतच नाहीत त्यांच्याकडे वळू. इवाकुरा शिष्टमंडळ निघण्याच्या जेमतेम अडीच महिने आधी, १२ ऑक्टोबर १८७१ रोजी, त्याच सरकारने दुसरे एक फर्मान काढले होते. 'एता' आणि 'हिनिन' ही हीन नावे रद्द, यापुढे ते सामान्य प्रजाजन. मेलेली जनावरे ओढणारे, कातडी कमावणारे, वेगळ्या वस्त्यांत राहणारे हे लोक म्हणजे आजचे बुराकुमीन. जपानचे अस्पृश्य.

फर्मानाने नाव पुसले, बाकी काय दिले? चामड्याच्या धंद्यावरचा जुना हक्क गेला, त्याची भरपाई मिळाली नाही. सामुराईंचे तनखे १८७६ मध्ये बंद झाले तेव्हा त्यांना सरकारी रोखे मिळाले. लोकांनी बुराकुमिनांना 'नवे प्रजाजन' असे नवे हिणकस नाव दिले. १८७३ मध्ये मिमासाकाच्या दंग्यात त्यांची घरे जाळली आणि माणसे मारली. १८७२ चा शिक्षण कायदा सर्वांसाठी होता, पण अनेक ठिकाणी त्यांच्या मुलांना वेगळ्या शाळेत बसवले गेले.

एकाच सरकारने, एकाच वर्षी, एका वर्गाला जहाजाचे तिकीट दिले आणि दुसऱ्याला कागदावरची समता. हरलेल्या सामुराईची सहा वर्षांची मुलगी त्या जहाजावर जाऊ शकली, कातडी कमावणाऱ्याचा मुलगा नाही. म्हणून ३ मार्च १९२२ रोजी क्योतोत बुराकुमिनांना स्वतःची सुइहेइशा ही संघटना उभारावी लागली. त्यांच्या मुलांसाठी सरकारने खास शिक्षण मदत सुरू केली ती थेट १९६० च्या दशकात, आणि वस्त्यांच्या सुधारणेचा विशेष कायदा आला १९६९ मध्ये. फर्मानाला तोवर ९८ वर्षे झाली होती. तीही चळवळीने लढून मिळवली. तो कायदा २००२ मध्ये संपला.

जपानचा धडा पुरा वाचायचा तर असा आहे. राज्य ज्यांना आपले भविष्य मानते त्यांच्या शिक्षणावर पैसा लावते, आणि ज्यांना तसे मानत नाही त्यांच्या वाट्याला फर्मान येते.

करार तिथेही होता, इथेही होता

आणि आता आपल्या घरची गोष्ट. १९१३ साली सयाजीराव गायकवाड महाराजांनी बाबासाहेबांना महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. अट अशी की परतल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी. जपानच्या नियमापेक्षाही कडक. बाबासाहेबांनी ती पाळली. १९१७ च्या सप्टेंबरात ते बडोद्यात रुजू झाले. पुढचे आपल्या प्रत्येकाला पाठ आहे. शिपाई फाइल लांबून टाकत होते, राहायला कुणी घर देत नव्हते, पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले. कोलंबियातून परतलेला मात्सुइ तोक्योत प्राध्यापक झाला. त्याच कोलंबियातून परतलेला आंबेडकर बडोद्याच्या बागेत झाडाखाली बसला. विद्वत्तेत कमी होती म्हणून नव्हे. शिष्यवृत्ती राजाने दिली होती, पण परत आलेल्याला जागा समाजाने द्यायची होती, आणि समाज जातीचा होता.

म्हणूनच १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले तेव्हा त्यांनी निवेदन दिले, त्यात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी वर्षाला तीन लाखांची मागणी होती. आणि त्याच निवेदनात नोकऱ्यांतल्या जागांचीही मागणी होती. शिक्षण आणि जागा या दोन गोष्टी त्यांनी कधी तोडल्या नाहीत. बडोद्याने शिकवलेला तो धडा होता.

आज काय आहे? १९५४-५५ पासून चालू असलेल्या केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीत सगळ्या देशासाठी १२५ जागा. महाराष्ट्राच्या राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीत ७५. २०२२ मध्ये केंद्राने नियम केला की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतातल्या समाजाचा अभ्यास या विषयांना ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. म्हणजे कोलंबियात जातीवर निबंध वाचणारा विद्यार्थी आज या शिष्यवृत्तीला अपात्र! सोसेकींना एका अधिकाऱ्याने दिलेली मोकळीक लोकशाही सरकार देत नाही. २०२५ च्या जुलैत १०६ जणांची निवड झाली आणि पहिल्या टप्प्यात ४० जणांनाच पत्रे गेली, बाकीच्यांना निधी उपलब्ध झाला तर. परदेशी विद्यापीठाची प्रवेशाची तारीख सरकारी निधीसाठी थांबत नाही.

तरुण मित्रांनो, पुन्हा कुणी 'करदात्यांचा पैसा' म्हणाले तर खाली मान घालू नका. आपले आईबाप काडेपेटीवर छापलेल्या किमतीतूनही कर भरतच आले आहेत. जपानने बंदुकांच्या तारणावर पोरे शिकवली, तेव्हा तिथे त्याला कुणी खैरात म्हटले नाही. आपली मागणी तीन ओळींत मावते. हप्ता वेळेवर आणि पुरेसा. विषय विद्यार्थ्याचा. परत येणाऱ्यासाठी विद्यापीठांतल्या आणि खात्यांतल्या रिक्त जागा भरलेल्या.

आणि एक मागणी आपल्या स्वतःकडे. जे या शिष्यवृत्तीवर शिकून आले, नोकरीला लागले, स्थिरावले, त्यांनी आपापल्या जिल्ह्यात मुद्दल राखून व्याजावर चालणारा एक निधी उभा करावा. अर्जाची फी, इंग्रजीच्या परीक्षेची फी, व्हिसाचे पैसे, विमानाचे पहिले तिकीट. सरकारी पत्र येईपर्यंत आपली पोरे याच खर्चांपाशी अडकतात. ग्लासगोला जाणाऱ्या यामाओसाठी सोळा जणांनी सोळा पौंड जमवले होते. आपण जयंतीला वर्गणी काढतोच. त्यातला एक हिस्सा पुढच्या वर्षीपासून या कामाला लावूया.

जय भीम!